पाळीतला खंदक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलीने एक परदेशी सिनेमा लावला आणि मला शेजारी बसवून घेतलं. खेड्यातली पोरं, उन्हाळ्याची सुट्टी आणि जवळ येत चाललेली लढाई. लढाई सिनेमात शेवटपर्यंत दिसत नाही म्हणे. मोठी माणसं रेडिओभोवती जमतात, एक म्हातारा पेटीतून जुने बूट काढून पुसतो, आणि पोरं आपली नदीत डुंबत असतात. मग एका प्रसंगात ती पोरं खेळायला म्हणून खंदक खणू लागतात. तिथे मी उठलो आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो.

मुलगी मागोमाग आली. "बाबा, तुमच्या लहानपणी लढाई झाली होती?"

"झाली नाही," मी म्हणालो. "होता होता राहिली."

ती परत जाऊन सिनेमा बघत बसली. मी ओट्यापाशी उभा राहिलो. तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो आहे.

आमचं गाव सानगडीहून आत, कच्च्या रस्त्याने सायकलवर अर्ध्या तासाचं. मी आठवीची परीक्षा दिली तो उन्हाळा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती, पण शाळेतल्या भिंतीवर जुन्या अखंड जिल्ह्याचाच नकाशा होता; गुरुजींनी त्यावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि रेघेपलीकडच्या गावांची नावं विचारणं बंद केलं होतं. हिवाळ्यापासून सैन्य सरहद्दीवर जाऊन उभं होतं. लढाई आज होईल, उद्या होईल, असं रेडिओ रोज सांगायचा. पिंपळाच्या पारावर माणसं पैजा लावायची. भंडाऱ्याकडे दारूगोळ्याचा कारखाना आहे, तेव्हा पहिला बॉम्ब आपल्याच जिल्ह्यात पडणार, असं एक जण छाती फुगवून सांगायचा, जणू काही मोठा मान मिळणार होता.

आम्हाला पोरांना या सगळ्याची भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर मजा वाटत होती. काहीतरी मोठं होणार आणि ते आमच्या सुट्टीत होणार, एवढंच आम्हाला कळत होतं.

आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या चुलतभावाला. तो मोठ्या बाबांचा मुलगा, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठी माय त्यांची बायको. घर एक, अंगण एक, चुली दोन. आमच्या खेळात सहा महिन्यांच्या जोरावर तो कायम मेजर आणि मी कायम जवान. तो मला हाक मारायचा तीसुद्धा, "ए जवान, इकडे ये बे!"

मे महिन्यात गावातल्या एका फौजीचं लग्न होतं. सुट्टी रद्द झाली, परत बोलावणं आलं, आणि आठ दिवसांनी व्हायचं लग्न दोन दिवसांत उरकलं. मांडवात भाड्याचा रंगीत टीव्ही आणि सीडीचं मशीन आलं होतं. दुपारी जेवणानंतर त्यावर लढाईचा सिनेमा लावला. नवरदेव हळदीच्या अंगाने आमच्या मागे येऊन बसला आणि सिनेमा बघून हसायला लागला.

"असा कुठी खंदक राहते का बे?" तो म्हणाला. "माती पुढच्या बाजूले टाकाची असते. यायनं तं मागं टाकली. दुश्मन पाहूनच घेईल."

"मंग किती खोल खणाचा, भाऊ?" चुलतभावाने विचारलं.

"छातीवरी. अन् पुढं पोत्यायची थप्पी."

तिसऱ्या दिवशी तो साकोलीच्या बसने गेला. त्याने शिकवलेला खंदक मात्र गावात राहिला.

आमच्या शेताच्या डोक्याला बोडी होती. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. पावसाचं पाणी तिच्यात साठवायचं आणि धानाच्या रोवणीच्या वेळी तुडूम उघडून, म्हणजे पाण्याच्या तोंडाचं बूच काढून, खालच्या बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, द्यायचं. बोडी दोघा भावांची सामाईक. तिच्या पाळीखाली, मातीच्या बांधाखाली, डावीकडे मोठ्या बाबांच्या बांध्या, उजवीकडे आमच्या. उन्हाळ्यात बोडी कोरडी ठणठणीत असायची आणि तिची पाळ म्हणजे आमची सरहद्द.

मेजरला खंदक पाळीवर, मोहाच्या झाडाखाली हवा होता. "सावली हाय," तो म्हणाला.

"तिथं मुळ्या लागतेत," मी म्हणालो. "त्यापेक्षा इथं खणू. इथली माती नरम हाय."

नरम होती, कारण आदल्या वर्षी तिथे पाळ झिरपली होती आणि ती नवी भरली होती. भरताना मी पाहिलं होतं. वडील आणि मोठे बाबा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, नाच केल्यासारखी ती माती पायांनी चोपत होते आणि बांधावर बसून मोठी माय त्यांना हसत होती. "दंडारीत नाचाले जा दोघंबी," ती म्हणाली होती.

ती जागा मी निवडली. आयुष्यात एवढ्या एका वेळी मेजरने जवानाचं ऐकलं.

आठ दिवस खणलं. टिकास वडिलांचं, पावडा मोठ्या बाबांचा. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून पुढे थप्पी लावली. खंदक छातीपर्यंत नाही, पण कमरेपर्यंत झाला. त्यात बसलं की थंड लागायचं. आम्ही घरून भाकरी, कांदा आणून तिथेच खायचो, बोरूच्या नळीची दुर्बीण करून समोरच्या पडीक रानातल्या बकऱ्या मोजायचो. इतकं सुख मला नंतर फार कमी वेळा मिळालं. हे लिहितानासुद्धा त्या ओल्या मातीचा वास येतो, आणि येतो म्हणून स्वतःची लाज वाटते.

शपथही घेतली. कपाळाला माती लावून. "दुश्मनानं नखं उपटली तरी खंदकाचा पत्ता सांगणार नाही," मेजर म्हणाला, मी मागून म्हणालो. मग त्याने थोडा विचार करून पुढे जोडलं, "घरच्यायले बी नाही."

जूनच्या सुरुवातीला मोठे बाबा पाळ पाहायला येणार असं कळलं, तेव्हा घाईघाईत खंदक बुजवला. तळाशी ती पोतीच टाकली, वर पळसाची पानं, वरून माती. मेजर म्हणाला, "चोपाले लागते गा." मी म्हणालो, "पाऊस चोपते." ऊन फार होतं आणि आम्हाला नदीवर जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मोठे बाबा पाळीवरून चालत गेले, काठीने इकडे तिकडे ठोकलं आणि घरी येऊन वडिलांना म्हणाले, "लहान्या, पाळ मस्त हाय औंदा."

पाऊस आला, आठवडाभर चांगला बरसला, बोडी अर्ध्याच्या वर भरली. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले. मग आभाळ कोरडं झालं ते झालंच. जुलै सरत आला तरी थेंब नाही. सगळ्या शिवारात पऱ्हे पिवळे पडायला लागले आणि आमच्या बोडीत मात्र पाणी होतं. दोघा भावांनी ठरवलं, सोमवारी तुडूम उघडायचं. आधी थोरल्याच्या बांध्या, मग धाकट्याच्या. नेहमीचीच रीत.

शुक्रवारी सकाळी शाळेत जायला निघालो तेव्हा गावातली पोरं टोपल्या घेऊन बोडीकडे पळताना दिसली. बोडी रिकामी झाली होती. चिखलात मासे तडफडत होते आणि पोरं ते वेचत होती. पाळीला उजवीकडे बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं, बरोबर आमच्या खंदकाच्या जागी. आणि सगळं पाणी उतरून आमच्या बांध्यांत उभं होतं. धुऱ्यापलीकडे, मधल्या बांधाच्या पलीकडे, मोठ्या बाबांच्या बांध्यांत भेगा तशाच होत्या.

आमच्या पोत्यांपैकी एकही दिसत नव्हतं. पाण्याने पार कुठे नेली होती किंवा चिखलात दाबली होती. चुलतभाऊ पाळीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.

दुपारी वडिलांनी मला विचारलं. ते ओरडले नाहीत. "उन्हाळ्यात तुमी पोरं तिकडं खेळत होते ना गा? पाळीले कोणं हात लावला होता का?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "खेकड्यायनं केलं असंल."

खेकडे पाळ पोखरतात हे खरंच आहे. वडिलांना ते पटलं, कारण त्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचा होता.

संध्याकाळी, उजेड असतानाच, मोठे बाबा अंगणात आले. आत आले नाहीत, तुळशीपाशी उभे राहिले.

"लहान्या, मले दोन दिवस आधी सांगतलं असतंस तं मी तुले आधी पाणी देलो असतो," ते म्हणाले. "पाळ कायले फोडली?"

"दादा, म्या नाही फोडली."

"मंग पाणी पाय फुटून तुह्याच बांधीत गेलं का?"

"खेकड्यायनं पोखरली असंल."

"हो, खेकड्यायले माहीत होतं ना, कोणती बांधी कोणाची ते!"

अंगणात माणसं जमली. कोणीतरी हसलंही. वडिलांचा चेहरा लाल झाला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. त्यांनी मला हाताला धरून अंगणात आणलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दादा, पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. म्या पाळीले हात लावला असंल तं याचं वाटोळं होवो."

त्यांची शपथ खरी होती. त्या हाताखाली मी उभा होतो आणि मला फक्त चार शब्द बोलायचे होते: आम्ही तिथं खंदक खणला. समोर मोठ्या बाबांच्या मागे चुलतभाऊ उभा होता, एकटक माझ्याकडे पाहत. तो शपथ पाळत होता. मी शपथ पाळत नव्हतो. मी भीत होतो, आणि शपथेच्या आड लपलो होतो.

मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाले, "पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ खातोस? जमिनीचा झगडा मिटते गा. हे नाही मिटत."

आणि ते वळले.

त्यांचं शेत त्या वर्षी पडीक राहिलं. आमची रोवणी त्याच पाण्यावर झाली आणि धान बरं आलं. कापणी झाल्यावर वडिलांनी बंडीभर, म्हणजे बैलगाडीभर, धान त्यांच्या दारात नेलं. मोठी माय दारात आली, डोळ्यांना पदर लावला, पण आतून आवाज आला, "चोरीचं पाणी पेलेलं धान या घरात शिजणार नाही." बंडी परत आली. तो भात वर्षभर आम्ही खाल्ला. मीही खाल्ला.

त्याच दिवसांत सैन्य सरहद्दीवरून परत यायला लागलं. फौजी नवरदेव सुट्टीवर आला, जाडजूड होऊन. "एक गोळी नाही चालली बे," तो पारावर सांगत होता, "दहा महिने निस्ते खंदकात बसून राहिलो." सगळे हसले. तेव्हा आमच्या अंगणात भिंतीचा पाया खणणं चालू होतं. पुढच्या उन्हाळ्यात बोडीच्याही मधून धुरा टाकून तिचे दोन भाग केले. अर्ध्या बोडीत कधीच पुरेसं पाणी साठलं नाही, ना त्यांच्या, ना आमच्या.

चुलतभावाला मामाकडे लाखांदूरला शिकायला ठेवलं. आम्ही दोघं लग्नकार्यात भेटायचो, खुशाली विचारायचो. खंदकाबद्दल कधी बोललो नाही.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "दादा येऊन गेला का?" आला नव्हता. अंत्ययात्रेला मात्र मोठे बाबा आले. सगळ्यांच्या मागे चालत राहिले, मूठभर माती दिली आणि कोणाशी न बोलता गेले. तेव्हा मी तिशी ओलांडली होती. नोकरी होती, घर होतं, मुलगी होती. चौदा वर्षांच्या पोराला भीती होती असं म्हणता येईल. या माणसाला कशाची होती? वडील गेल्यावर सांगण्यात अर्थ नाही असं मी स्वतःला सांगत आलो, आणि ते होते तेव्हा सांगितलं तर त्यांना काय वाटेल असं सांगत होतो.

त्या सिनेमानंतर तिसऱ्या दिवशी मी चुलतभावाला फोन केला. तो पुण्याला एका कंपनीत गाडी चालवतो.

"ते खंदकाचं मोठ्या बाबाले सांगाचं म्हणतो," मी म्हणालो. "तुही शपथ हाय म्हणून विचारून राहिलो."

तो हसला, पण हसणं नीट जमलं नाही. "अबे जवान, तू अजून ड्युटीवरच हायेस का?"

"तू सांगतलं नाहीस कधी?"

"मी मेजर होतो ना. मेजरनं कसं सांगावं?" मग म्हणाला, "म्हातारा त्र्याहत्तरचा झाला. आता कायले त्रास देतोस त्याले?"

"सांगाचंच हाय," मी म्हणालो.

"बरं, सांग," तो म्हणाला. "पण मीबी होतो ते सांग. एकटा शहीद होऊ नको."

गावी गेलो तेव्हा धान कापून झालं होतं, खळ्यांवर त्याचे पुंजणे रचलेले होते. मोठे बाबा ओसरीत उन्हात बसले होते. मोठ्या मायने पाणी दिलं आणि ती आत गेली. मी सगळं सांगितलं. जागा मी निवडली होती तेही, चोपलं नाही तेही, खेकड्यांचं नाव मी घेतलं होतं तेही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

मग म्हणाले, "त्या रोजी मी तुह्या बापाले काय म्हटलो होतो, आठवते तुले?"

"आठवते."

"सांग."

"पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ खातोस, म्हणले होते."

"हं." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे ते खरी होती."

मी मान हलवली.

"आतावरी तो चुकला होता," ते म्हणाले. "मी नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं उभा होतो गा. तो मेला तेव्हाबी मी म्हटलो, चुकला होता, मी काय करू? आता काहून सांगतलंस?"

"मले झोप येत नव्हती, मोठे बाबा."

"मंग आता मले येणार नाही."

ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी कबूल करायला गेलो होतो आणि माझं ओझं एका म्हाताऱ्याच्या अंगावर टाकून मोकळा होऊ पाहत होतो, हे मला तिथे, त्या ओसरीत कळलं.

थोड्या वेळाने ते उठले. "पोते टाकले होते म्हणतोस ना? चाल. दाखव."

आम्ही शेतावर गेलो. त्यांच्या सांगण्यावरून मी कोपऱ्यातला पावडा घेतला होता. भगदाड पडलं होतं तिथे नंतर दगडमाती भरली होती. मी पाळीच्या आतल्या उतारावर, कडेला, अंदाजाने खणू लागलो. ते वर उभे राहून काठीने दाखवत होते. "तिथं नाही. थोडा खाली." गुडघाभर खणल्यावर पावड्याला काहीतरी चिवट लागलं. ओढलं तर मळका, पांढरट प्लास्टिकच्या धाग्यांचा पट्टा बाहेर आला. खताच्या पोत्याचा. इतक्या वर्षांत माती त्याला खाऊ शकली नव्हती.

मोठ्या बाबांनी तो हातात घेतला, अंगठ्याने माती पुसली आणि वाचल्यासारखा जवळ धरून पाहिला. त्यावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी त्याची नीट घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्यांची नजर बोडीवरून फिरली. मधला धुरा, त्याच्या अलीकडे बोटभर पाणी, पलीकडे बोटभर पाणी.

"लहान्याचे पाय लय मोठे होते," ते म्हणाले. "माती चोपाले त्याच्यासारखा माणूस नाही भेटला मंग."

मी खणलेला खड्डा बुजवला आणि माती पायांनी चोपली.

ऊन उतरायला लागलं तसे ते निघाले. पाळीचा उतार ओल आणि गवताने निसरडा झाला होता. मी दोन पावलं खाली उभा राहिलो, म्हणजे त्यांना धरता येईल. त्यांनी माझा पुढे केलेला हात घेतला नाही. काठी डाव्या हातात धरली आणि उजवा हात माझ्या डोक्यावर टेकवला. पूर्ण भार टाकून.

"हे शपथ नोहे बरं," ते म्हणाले. "पाय घसरते म्हणून ठेवलो."

मी मान ताठ धरली आणि एकेक पाऊल खाली उतरू लागलो.